लिमयेबाई आन् न धरणारा रातांबा

लिमयेबाईस्नी साप दिसला तर त्या खाली बसून त्याच्या अंगावरचे पट्टे मोजायच्या. आन् कोंबडी दिसली की माज्या पाठीमागं लपायच्या. उभा जल्म कॉलेजातली पोरं सांबाळलेली बाई, पन आमची तांबडी कोंबडी नुसती मान वाकडी करून पुढं आली की, "बबनराव, हिला घ्या, हिला घ्या!" मी कोंबडी धरायला पळायचो आन् कोंबडीच्या आदी मीच शेनात पडायचो. माजी बायको सुमन वट्यावरनं वरडायची, "अवं, कोंबडी धरताय का भुई धरताय?"

बाई तळेगावच्या. झाडांचा विषय शिकवून रिटायर झालेल्या. लगीन केलं न्हवतं. आमचं गाव आंदर मावळात. सकाळी एक यष्टी येती, दुपारी तीच मागारी जाती, मदल्या येळात ज्याला जे काय करायचं ते करावं. बाई त्या यष्टीनं यायच्या. साडी, साडीवर गड्यामान्साचा लांब बाह्यांचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. गळ्यात दोऱ्याला बांधलेलं एक भिंग आन् एक सा इंची पट्टी. चालताना ती पट्टी आन् भिंग एकमेकांवर टकटक वाजायचं. बाई वाडीत आल्या का न्हाई ते मला घरात बसून कळायचं.

पयल्यांदा आल्या तवा माज्याच वावरात, वढ्याच्या काठाला, आमच्या रातांब्याचं पान धरून त्याला पट्टी लावत हुब्या व्हत्या. मला वाटलं, सरकारी मोजनी. रस्ता न्हाईतर धरन काडनार हितनं. माजं डोस्कं कसं चालतं बगा. मी लांबूनच वरडलो, "ते झाड आमचं न्हाई!"

बाई म्हनाल्या, "अरे वा. मग कुणाला विचारायची गरज नाही. चार पानं घेते."

मी म्हनलं, "पानं कशी घ्याल? माजं झाड हाय ते!"

बाईंनी भिंग डोळ्याचं काडलं आन् माज्याकडं बगितलं. "दोनातलं कुठलं लिहू?"

तितंच मी गप झालो. मी गप झालेला गावात कुनी बगितला न्हवता. शाळंत दोन वर्सं गेलतो, तितंबी मास्तरला मला गप करता आलं न्हवतं.

बाईंचं काम असं व्हतं. मावळात जी फळझाडं हायत, जांभूळ, आवळा, करवंद, त्या एकेका झाडाचं वर्नन लिव्हायचं. साल कशी, पान कसं, फूल कसं, फळ कसं, बी कशी. आन् सगळं एकाच झाडाचं. पान हितल्या झाडाचं आन् फळ तिकडल्या झाडाचं, असं चालायचं न्हाई. "हे एक झाड मी वर्षभर पाहिलं, एवढंच मला सांगता आलं पाहिजे," म्हनायच्या. वहीत एका झाडाला एक पान. सगळी पानं भरत आलती, रातांब्याचं तेवडं ऱ्हायलं व्हतं. आन् कोकमाची म्हंजे रातांब्याची झाडं सगळी घाटाखाली. आमच्या अंगाला माजं एकच.

बाईचे गुडघे गेलते. मंग झाडावर चढायचं काम माज्याकडं आलं. मी वरनं सांगायचं, फांदी खाली वाकवायची, बाईंनी भिंगातनं बगून लिव्हायचं. आता मी म्हंजे कसा मानूस? मी ढेकळाला डोंगर म्हननारा. पयल्याच दिवशी वरनं म्हनलं, "बाई, पान हातभर हाय!"

"बबनराव, पट्टी लावा."

लावली. चार इंच भरलं. त्यातबी मी पान ताणून धरलं व्हतं.

एक शब्द बाईस्नी आजिबात चालायचा न्हाई. 'असंल'. मी म्हनलं, "खालच्या अंगाला फिकट असंल," की बाई पेन बंद करायच्या. "असेल म्हणजे पाहिलं नाही. उलटं करून पाहा." उलटं करायचो. फिकटच असायचं. म्हनायचो, "बगा, मी म्हनलंच व्हतं!" तर म्हनायच्या, "तेव्हा तुमचं म्हणणं होतं. आता झाडाचं आहे."

पन माजं सगळंच टाकून द्यायच्या, असं न्हाई. एकदा त्यांनी इचारलं, "झाडाचा आकार कसा सांगाल?" म्या म्हनलं, "भिजलेल्या छत्रीवानी." बाई थांबल्या. "उघडी की मिटलेली?" म्या खाली उतरलो, लांब जाऊन बगितलं, दोन्ही बाजूनी बगितलं. म्हनलं, "अर्धी मिटलेली. वर टोक, खाली सगळ्या फांद्या वघळलेल्या." बाईनी ते जसंच्या तसं लिव्हलं. मला वाचून दावलं. 'अर्धी मिटलेली छत्री उभी धरावी तसं झाड. फांद्या खाली झुकलेल्या. पानं समोरासमोर, वरून गडद आणि तुकतुकीत, खालून फिकी. कोवळी पालवी तांबडी. पान तोडलं की पिवळसर चीक.' त्या दिवशी मी छत्रीचं घरी तीनदा सांगितलं. सुमन म्हनली, "आता पाऊस आला तर त्या छत्रीखालीच निजा."

हितपतूर सगळं गोड व्हतं. घोळ केला तो माज्या तोंडानं. बाई आल्या तवा शिमगा होऊन गेलता. त्यांनी इचारलं, "फळं कधी धरतात?" आता खरं सांगायचं तर त्या रातांब्यानं तीन वर्सं एक फळ दिलं न्हवतं. आदी लय द्यायचा. अख्ख्या वाडीची आमसुलं व्हायची. पन मंग जे बंद झाला ते झालाच. हे सांगावं का न्हाई मानसानं? मी म्हनलं, "बाई, वैशाखात या. टोपल्या आना. झाड वाकतं नुसतं!"

वैशाख आला. झाडाला पानं. बाई तर येनारच. मी लोनावळ्याला गेलो, बाजारात घाटाखालची बाई रातांबे घेऊन बसली व्हती, तिच्याकडनं दोन डझन पिकलेले लालजर्द रातांबे घेतले आन् रातांब्याच्या फांद्यांना दोऱ्यानं बांदले. लांबनं असं फसकलास दिसत व्हतं! सुमन म्हनली, "बाई आंधळ्या न्हाईत." म्या म्हनलं, "मी कुनाला जवळ जाऊ देतोय?"

बाई आल्या. झाडाखाली हुब्या ऱ्हायल्या. मला म्हनाल्या, "ती फांदी वाकवा." मी वाकवली. भिंग लावलं. लय येळ बगितलं. पट्टी लावली. मला वाटलं, जितलं! मंग शांतपणी म्हनाल्या, "बबनराव, देठ अर्धा इंच. देठाला गाठ. ही सुरगाठ आहे की निरगाठ?"

मी झाडावरनं उतरलोच न्हाई. लाजंनं वरच बसून ऱ्हायलो. खाली बाई हसत व्हत्या, सुमन हसत व्हती, कोंबडीसुदीक जवळ आली तरी बाई भ्यायल्या न्हाईत, एवड्या हसत व्हत्या. पन हसून झाल्यावर त्यांनी डोळं पुसलं आन् वही पिशवीत टाकली. म्हनाल्या, "'फळ येत नाही' म्हणाला असतात तर मी तेव्हाच उरलीसुरली फुलं पाहिली असती. आता फुलाला डिसेंबर."

त्या डिसेंबरात त्या आल्या तवा एक गोष्ट घेऊन आल्या. त्यांचा पुतन्या बंगळूरला ऱ्हातो. तळेगावचं घर बंद करून मे महिन्यात तो त्यांना घेऊन जानार व्हता. गुडघ्यांमुळं आता एकलं ऱ्हानं व्हत न्हवतं. बाई म्हनाल्या, "एकच पान राहिलंय, बबनराव. मेपर्यंत भरलं तर भरलं." एवडंच. कधी नाराजी दावायची न्हाई ही बाई, पन त्या दिवशी पट्टी वाजली न्हाई. हातात धरून आल्या व्हत्या.

रातांबा फुलला व्हता. फुलं बारकी, जाड पाकळ्यांची, पिवळसर. बाई खाली एका खुंटावर बसल्या आन् मी फांदी वाकवून धरली. बाईंनी दहा फुलं बगितली. मंग आनखी दहा.

"बबनराव, सगळी एकसारखी आहेत. मध्ये चांदणी दिसते? तिथं फळ होतं. पण पराग नाहीत. ही मादी आहे."

म्या म्हनलं, "झाडातबी नर-मादी?"

"रातांब्यात नर वेगळा, मादी वेगळी. नराला फळ कधीच येत नाही. पण तो जवळ नसेल तर हिलाही येत नाही. पूर्वी फळं यायची म्हणता ना? मग नर इथंच कुठंतरी असला पाहिजे. अगदी जवळ." आन् त्या खुंटावर बसल्या बसल्या मान वळवून चारी बाजूला बगायला लागल्या.

माज्या हातनं फांदी सुटली. कारन बाई त्याच्यावरच बसल्या व्हत्या.

माज्या म्हाताऱ्यानं घाटाखालनं दोन रोपं आनली व्हती. दोन्ही वाढली. एकाला फळं, दुसरं नुसतंच वाढलेलं. आमी त्याला वांझोटं म्हनायचो. आता आमच्याकडं रीत हाय. न धरणाऱ्या झाडाला कुऱ्हाड दावायची. एकानं कुऱ्हाड उगारून म्हनायचं, "धरत न्हाईस, तोडतो तुला!" आन् दुसऱ्यानं मदी पडून झाडाच्या बाजूनं बोलायचं, "नगा तोडू, पुढल्या साली धरंल." मंग कुऱ्हाड खाली. झाड भ्यालं तर धरतं, म्हनत्यात. मी दरसाल उगारायचो, सुमन दरसाल जामीन ऱ्हायची. पन त्या साली सुमन माज्याशी बोलत न्हवती. मी तिच्या भावासमोर तिच्या भाकरीला चपलीचा तळ म्हनलो व्हतो. इनोद केला व्हता. चार दिस झाले व्हते.

मी कुऱ्हाड उगारली. "तोडतो तुला!" सुमन आभाळात बगती. मी मोठ्यानं, "तोडतो हां!" सुमन पदरानं वारा घेती. कुऱ्हाड वर, हात भरून आले. तेवड्यात बांदावरनं शेजारचा शिवाभाऊ म्हनला, "बबन, तोडनार हायस का नुसता पुतळ्यावानी हुबा ऱ्हानार?"

झालं. मला इज्जतीचं पडलं. मी तोडलं.

हे सगळं मी बाईस्नी तितल्या तितं सांगितलं. एका दमात. मधी एकदाबी इनोद केला न्हाई, तेच इनोदी वाटत व्हतं. सांगून झाल्यावर बाई म्हनाल्या, "मग खुंट कुठंय?"

"तुमी बसलाय त्यावर."

बाई हळूच उठल्या. वाकून खुंटावर हात फिरवला. पट्टी लावली. सवय. मला वाटलं, आता जात्यात. आता पुन्ना येत न्हाईत. त्या सुमनकडं वळल्या. "तुम्ही का नाही बोललात हो?"

सुमन खाली बगून म्हनली, "माजी भाकर चपलीवानी म्हनले व्हते, बाई."

बाई म्हनाल्या, "मग तुमचं बरोबर आहे."

आन् मला म्हनाल्या, "फुलं अजून महिनाभर उमलतील. नर शोधा. फुललेली फांदी लागेल मला."

मी निघालो. लोक फळाचं झाड हुडकत्यात, मी न फळणारं हुडकत फिरत व्हतो. ज्या गावात जाईन तितं इचारायचो, "तुमच्याकडं एखांदा रातांबा हाय का, जो धरत न्हाई?" लोक माज्या त्वांडाकडं बगायचे. एक जन म्हनला, "न धरणारा आंबा हाय, न चालणारी मोटर हाय, न्हेतोस का?" आठ दिस झाले. सरतेशेवटी लोनावळ्यात एका बंगल्याच्या कुंपनातनं मला ती वघळलेली छत्री दिसली. अर्धी मिटलेली.

आत एक म्हातारा माळी पानी घालत व्हता. म्या म्हनलं, "आबा, ह्यो रातांबा धरतो का?"

"कशाचा धरतोय! वर्सानुवर्सं नुसती फुलं. मालक म्हन्तो, औंदा काढून टाक."

"काढू नगा! आबा, पाया पडतो, काढू नगा!"

"अरं, तुजं काय जातंय?"

मी एक फूल तोडलं. बाईंनी सांगितलं व्हतं तसं बगितलं. मदी चांदणी न्हाई. बारक्या बारक्या पिवळ्या दांड्यांचा गच्च गोळा. बोट लावलं तर बोट पिवळं झालं. म्या म्हनलं, "आबा, ह्यो नर हाय. ह्याच्यामुळं कुनाच्या तरी झाडाला फळ धरत असंल." आन् म्हनता म्हनता जीब चावली. 'असंल' म्हनलो व्हतो. पन कुनाच्या ते मला खरंच म्हाईत न्हवतं.

आबांनी तीन फांद्या काढून दिल्या. वल्या गोणपाटात गुंडाळून मी यष्टीत बसलो. कंडक्टरनं इचारलं, "काय न्हेतोयस?" म्या म्हनलं, "नवरदेव." त्यानं मला मागच्या शिटावर बसवलं. येडा म्हनून.

रातीच फोन केला, दुसऱ्या दिवशी बाई आल्या. मी झाडावर, फांद्या पान्याच्या बाटलीत घालून बाटली बुंध्याला बांदलेली. बाई खालनं सांगायच्या. "नराचं एक फूल घ्या. पाकळ्या मागं सारा. मादीच्या मधल्या चांदणीला नुसतं टेकवा. दाबू नका." माजे हात नांगराचे. पयली दोन फुलं माज्या चिमटीत मेली. बाई म्हनाल्या, "कोंबडीचं पिल्लू धरल्यासारखं." म्या म्हनलं, "बाई, तुमी कदी धरलंय?" खालनं म्हनाल्या, "नाही. ते खोडून टाका. तुम्हाला वाटेल तसं धरा." 'असेल' न चालणाऱ्या बाईनं एक न बगितलेलं वाक्य बोलून लगीच मागं घेतलं.

सुमन खाली बसून बगत व्हती. म्हनली, "सोताच्या लग्नात अंतरपाट धरंस्तवर झोपा काढत व्हते. आता बगा, झाडाचं लगीन किती जपून लावत्यात!" जेवड्या फुलांना हात लावला तेवड्यांच्या फांदीला खून म्हनून तांबडा दोरा बांदायचा व्हता. बाई म्हनाल्या, "दोरा मीच देते ह्या वेळी."

मंग वाट बगायची. फेब्रवारीत बरीच फुलं गळली. मी रोज मोजायचो. मार्चात दोऱ्यापाशी चिंचोक्याएवड्या हिरव्या गोळ्या दिसल्या. मी तळेगावला फोन लावला आन् म्हनलं, "बाई, धरलं!" पलीकडनं बाई म्हनाल्या, "पट्टी लावलीत?" लावली न्हवती. फोन ठेवला, वर चढलो, लावली, पुन्ना फोन केला. "अर्धा इंच. अकरा." फोनातनं नुसती पट्टी भिंगावर वाजल्याचं आयकू आलं.

एप्रिलात वानरं आली. मी डबा बडवत झाडाभवती पळालो, लुंगी कुंपनात अडकली, मी पुढं, लुंगी मागं. वानरं माज्याकडं बगत बसली आन् बगत बगत सा रातांबे खाऊन गेली. पाच ऱ्हायले. मंग सुमननं जुन्या साडीची झोळी करून एकेक फळ बांदलं. ती त्या झाडाशी काईच बोलत न्हवती, पन रोज सांजच्याला जाऊन हात लावून यायची.

मे महिन्यात बाई आल्या. परवाच्या गाडीनं बंगळूरला जायचं व्हतं. पुतन्या नगं म्हनत व्हता, तरी यष्टीनं आल्या. पाचीच्या पाची रातांबे पिकलेले, काळपट लाल. मी फांदी वाकवली. बाईंनी एक फळ हातात धरलं, तोडलं न्हाई, आदी तसंच बगितलं. मंग तोडलं. काम सुरू झालं. उंची, रुंदी, साल किती जाड, डोक्यावर वाळलेली चांदणी तशीच. कापलं तर आत बिया, बियांभवती पांढरा गर, सगळा रस तांबडा. बाईंचा शर्ट तांबडा, वहीचा कोपरा तांबडा, माजं सगळंच तांबडं. किती वाजले ते कुनी बगितलं न्हाई. यष्टीनं भोंगा दिला तवा सुमन वरडली, "बाई, गाडी!"

मी बाईस्नी हात धरून न्हेलं. खिडकीपाशी बसवलं. कंडक्टर घंटी मारनार तेवड्यात बाई वरडल्या, "थांबा! अर्धी चव राहिली!"

कंडक्टर म्हनला, "बाई, आंबट असतंय ते. जगाला म्हाईत हाय. लिवा आन् चला."

"ह्या झाडाचं खाल्लंय तुम्ही?"

कंडक्टरनं घंटीची दोरी सोडली.

बाई खिडकीतनं मला म्हनाल्या, "जिभेची चव मी घेतली. पण दात आंबतात का ते मला कळत नाही. माझे सगळे दात दुकानातले आहेत. बबनराव, तुम्ही खा. तुम्ही सांगाल ते लिहिते."

माज्या हातात अर्धा रातांबा व्हता. सगळी यष्टी माज्याकडं बगत व्हती. शिवाभाऊ तर दाराच्या पायरीवर हुबा. ज्या तोंडानं टोपल्या आना म्हनलं व्हतं, त्याच तोंडात मी रातांबा घातला. जिभेवर तीन इनोद आले. तिन्ही गिळले. सावकाश चावलं.

म्हनलं, "आदी आंबट. मागनं थोडं गोड. गिळल्यावर पुढचे दात शिरशिरले."

"वरचे की खालचे?"

मी पुन्ना चावलं. "खालचे. दोनच."

बाईंनी मान हलवली आन् वही मांडीवर घेतली. कंडक्टरनं घंटी मारली. मी हात हलवत ऱ्हायलो, सुमन हात हलवत ऱ्हायली, गाडीतल्या अनोळखी मान्सांनीसुदीक आमाला हात केला. बाईनी न्हाई केला. वळणावर गाडी दिसंनाशी झाली तवर त्यांची मान खाली व्हती आन् तांबडा हात वहीवर चालला व्हता.